कॉम्प्युटरला लागलेली उचकी

एका जंगलात, मुलांनो, एक कॉम्प्युटर होता. आता 'जंगलात वीज कुठून आली' असं मध्येच विचारू नका. ज्या जंगलात अस्वल चष्मा लावून पंचांग बघतं, तिथे विजेचं काय घेऊन बसलात?

तर हा कॉम्प्युटर अण्णा अस्वलांच्या गुहेत होता. अण्णा म्हणजे जंगलाचे सरपंच. त्यांचा मुलगा डोंगरापलीकडे नोकरीला गेला. जाताना त्याने स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आईवडिलांना भेट दिला. अशाने आईवडिलांना मुलाचं प्रेम मिळतं आणि मुलाला अडगळ ठेवायला जागा मिळते.

कॉम्प्युटरचा डबा एकेकाळी पांढरा होता. आता तो जुन्या दातासारखा पिवळा पडला होता. सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की अण्णा बटण दाबून नदीवर आंघोळीला जायचे आणि ओल्या अंगाने परत येऊन समोर बसायचे. माऊस मात्र खराखुरा होता. दामू नावाचा उंदीर. तो टेबलावर बसून असायचा. त्याला इकडेतिकडे सरकवायचं आणि पाठीवर टिचकी मारायची, की पडद्यावर काहीतरी उघडायचं.

"अण्णा, जरा हळू," दामू म्हणायचा. "पाठ आहे ती. ढोलकी नाही."

या कॉम्प्युटरात जंगलातलं एकुलतं एक गाणं होतं. कोकिळाबाईंनी त्यांच्या तरुणपणी गायलेलं. 'रानात वारा शिरला गं, पानांचा घुंगरू हलला गं.' बारसं असो, लग्न असो, नाहीतर वाघाने कुणाला न खाता सोडून दिल्याचा सत्कार असो, हेच गाणं वाजायचं.

आणि याच गाण्यावर लाजरीला नाचायचं होतं.

लाजरी ही एक तरुण लांडोर. हे नाव तिला ती अंड्यात असताना ठेवलं होतं, त्यामुळे तिचं मत विचारायचं राहून गेलं. ती नदीपलीकडच्या कॉलेजात शिकून आली होती. तिथे तिला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे कॉम्प्युटर कसा चालतो. दुसरी म्हणजे आपल्या जंगलात काहीच का चालत नाही.

वसंताचा मेळा जवळ आला, तशी ती अण्णांच्या गुहेत गेली.

"अण्णा, यंदा मेळ्यात मी नाचणार."

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, लांडोरी कधी नाचल्यात का?"

"नाही. म्हणून तर."

शेजारी साळिंदरकाकू बसल्या होत्या. त्यांच्या अंगावर सुयाच सुया. रिकामपणी त्यातल्याच दोन उपसून त्या विणकाम करायच्या. विणता विणताच त्या म्हणाल्या, "पण बाई, पिसारा कुठाय तुला? नाचणार काय डोंबल?"

"काकू, नाचायला पाय लागतात. पिसारा काय, वारा आला तरी हलतो."

काकूंचा एक टाका सुटला.

अण्णा हुशार होते. थेट नाही म्हटलं तर ही मुलगी दारात बसून राहील, हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "बरं, नाच. पण एक अट. नाचताना तू मध्येच अडखळलीस, थांबलीस, तर पुन्हा या जंगलात कुठल्याही लांडोरीने नाचायचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही थांबले तर?"

"तर बघू."

मुलांनो, 'बघू' हा मोठ्या माणसांचा फार आवडता शब्द. त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो. फक्त तो नंतर सांगतात.

"बघू नाही," लाजरी म्हणाली. "नाही थांबले, तर दर मेळ्यात सगळ्या लांडोरींना मैदान."

अण्णांना दुपारची झोप येत होती. ते "बरं बरं" म्हणाले. जंगलातले बरेचसे मोठे निर्णय असेच झालेले आहेत.

लाजरी रोज गुहेसमोरच्या अंगणात सराव करू लागली. आणि नेमकं तेव्हाच गाणं तुटायला लागलं.

झालं असं. अण्णांनी गाणं लावलं. लाजरीने पाय उचलला. कोकिळाबाई गायल्या, "रानात वा..." आणि गप्प झाल्या. लाजरीचा पाय हवेत. थोड्या वेळाने डब्यातून आवाज आला, "...रला गं."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. "रानात वा... रला गं."

कुंपणापलीकडून ससेवहिनी रडत रडत धावत आल्या. मागून त्यांची सगळी पिल्लं. "अगं बाई! कोण वारला हो? सकाळपर्यंत तर सगळे बरे होते!"

"कुणी वारला नाही," लाजरी ओरडली. "गाणं अडकतंय!"

पण तोपर्यंत ससेवहिनींची पिल्लं चारी दिशांना बातमी घेऊन गेली होती. संध्याकाळपर्यंत पाचपन्नास प्राणी अण्णांना भेटून गेले. काहींनी येताना केळी आणली. अण्णांनी ती ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी तात्यांना बोलावलं. तात्या म्हणजे घुबड. जंगलातले सर्वांत विद्वान. दिवसा त्यांना काही दिसत नसे, पण मत मात्र असायचं. ते 'शुद्ध जंगलभाषा मंडळा'चे अध्यक्षही होते. त्यांनी डोळे मिटून गाणं ऐकलं. "रानात वा..." ऐकलं. मधली शांतता ऐकली. डब्याने घशात आवाज काढल्यासारखं 'क्, क्, क्' केलं, तेही ऐकलं.

"उचकी आहे," तात्या म्हणाले.

"काय?" लाजरी म्हणाली.

"कॉम्प्युटरला उचकी लागली आहे. कुणीतरी त्याची आठवण काढतंय. जो काढतोय त्याचं नाव घ्या. उचकी थांबेल."

सगळ्यांना हे एकदम पटलं. यात न पटण्यासारखं होतं काय? प्रत्येकाच्या आजीने प्रत्येकाची उचकी अशीच थांबवली होती.

मग गुहेसमोर जंगल जमलं आणि नावं घ्यायला सुरुवात झाली. "मुलगा! मुलगाच आठवण काढत असणार." उचकी थांबली नाही. अण्णांचा चेहरा जरा पडला. "सूनबाई!" मुळीच नाही. "हत्तीमामा! पलीकडच्या रानातली मगरआत्या!" क्, क्, क्. कुणीतरी ओरडलं, "कोल्हेभाऊ!" आणि नेमकी गाण्याची तेवढी ओळ नीट वाजली.

सगळे कोल्हेभाऊंकडे वळले.

"मी?" कोल्हेभाऊ घाबरले. "मी तर जेवत होतो हो!"

"जेवताना आमच्या कॉम्प्युटरची आठवण का काढलीस?" अण्णांनी विचारलं. "नजर आहे वाटतं त्याच्यावर?"

कोल्हेभाऊंनी त्या दिवसापासून जेवणं मुकाट्याने उरकायला सुरुवात केली. गाणं तर लगेचच पुन्हा अडकलं होतं, पण त्यांचं नाव काही पुन्हा स्वच्छ झालं नाही.

लाजरीच्या अंगाची लाही लाही झाली. गर्दी पांगल्यावर ती सरळ टेबलापाशी गेली.

आधी तिने डब्यावरचं आवरण उचललं. हे आवरण साळिंदरकाकूंनी विणलं होतं. जाड लोकरीचं, खाली गोंडे, मध्ये गुलाबाचं फूल. आतला डबा भाकरी भाजावी इतका तापला होता. मागच्या जाळीतून तिने आत डोकावून पाहिलं. गरम हवा बाहेर फेकणारा पंखा दिसतच नव्हता. तिथे अक्षता होत्या. दर खंडेनवमीला अण्णा हत्यारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करायचे आणि अक्षता नेमक्या जाळीवर टाकायचे. वर्षानुवर्षांचे तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि हळदकुंकू. आत हात घातला असता तर एका माणसाचा भात निघाला असता.

मग तिने दामूच्या पाठीवर अलगद टिचकी मारून पडद्यावर काय काय उघडं आहे ते पाहिलं.

पंचांग उघडं होतं. राशिभविष्य उघडं होतं. मुलाच्या लग्नासाठी पत्रिका जुळवायचं यंत्र उघडं होतं, आणि मुलाला दोन पोरं झाली होती. हवामान उघडं होतं. व्हायरस येऊ नये म्हणून अण्णांनी तीन राखणदार बसवले होते. ते तिघं दिवसभर एकमेकांना अडवून विचारत होते, 'तू कोण?' शिवाय गाणं लागलं की पडद्यावर मोराच्या पिसाऱ्यासारख्या रंगीत रेघा फुलायच्या. त्या सगळ्यांना फार आवडायच्या.

"दामू, हे सगळं एकाच वेळी चालू असतं?"

"अण्णा उघडतात," दामू म्हणाला. "बंद करायचं असतं हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं असतं, पण माऊसचं कोण ऐकतं?"

लाजरी तिथूनच ओरडली, "अण्णा! कळलं काय झालंय ते. कॉम्प्युटरला मेमरी कमी पडतेय!"

अण्णा, काकू आणि तात्या आत आले.

"मेमरी?" तात्यांनी मिटलेले डोळे आणखी मिटले. "परका शब्द! आपल्या भाषेत बोल, पोरी. आपल्याकडे शब्द नाहीत का?"

लाजरीने दात खाल्ले असते, पण लांडोरींना दात नसतात. ती म्हणाली, "ठीक आहे. आठवण. त्याला आठवण कमी पडतेय."

तात्यांनी पंख पसरले. "ऐकलंत? मी काय म्हणत होतो? आठवण!"

"तसं नाही हो, तात्या! आठवण म्हणजे त्याची स्वतःची..."

"शिकलेली मुलगीसुद्धा तेच म्हणते," अण्णा काकूंना म्हणाले. "फक्त ही म्हणते कमी, तात्या म्हणतात जास्त. पण दुखणं आठवणीचंच."

लाजरीने चोचीने पडदा दाखवला. "बरं. तुम्ही नुसतं हे पंचांग बंद करा."

"पंचांग? आणि मुहूर्त टळला म्हणजे?"

"कसला मुहूर्त?"

"कसलाही. येईलच की कसला तरी."

"मग निदान तीनपैकी दोन राखणदार काढू."

"आणि जो ठेवू तोच झोपला तर?"

"काकू, हे आवरण..."

"अगं बाई!" काकूंनी आवरण छातीशी धरलं. "चार पाहुणे येतात. त्यांच्यासमोर त्याला उघडाबोडका बसवू? कुणाच्या घरचा आहे तो?"

"अण्णा," लाजरी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाली, "तुम्ही स्वतः एका वेळी किती कामं करू शकता?"

"मी?" अण्णा म्हणाले. "मी सरपंच आहे. एकही नाही."

आणि तिघांनी मिळून डब्यावर आवरण घातलं. गोंडे सारखे केले. वर थोडं कुंकूही लावलं.

मेळ्याच्या दिवशी ऊन कोवळं होतं. मैदानाच्या मधोमध एका खडकावर कॉम्प्युटर मांडला होता. आवरण, झेंडूचा हार, पुन्हा नव्या अक्षता. शेजारी दामू, तोही कुंकवाने माखलेला. भोवती सगळं जंगल. अगदी मागे, झुडपांच्या सावलीत, लांडोरी दाटीवाटीने उभ्या होत्या. पुढे बसायची त्यांची पद्धत नव्हती.

लाजरी मैदानात आली. अण्णांनी दामूच्या पाठीवर थाप मारली. "आई गं," दामू म्हणाला. गाणं सुरू झालं.

"रानात वा..."

आणि गप्प.

लाजरीचा एक पाय हवेत होता. अण्णा तिच्या पायाकडे बघत होते. काकूही बघत होत्या. पाय थांबला की सगळं संपलं. तिचंच नाही, मागे झुडपात उभ्या असलेल्या सगळ्यांचं.

लाजरीने पाय खाली ठेवला आणि दुसरा उचलला. गाणं नव्हतं, तरी ती नाचत राहिली. मनातल्या मनात तिने ओळ पुढे नेली. गिरकी घेतली. डब्यातून क्, क्, क् ऐकू येत होतं.

"उचकी!" तात्या किंचाळले. "नावं घ्या! नावं घ्या!"

अण्णांचे डोळे लाजरीच्या पायांवरून डब्याकडे वळले. सगळ्यांचेच वळले. "कोल्हेभाऊ!" "मी नाही हो!" "हत्तीमामा! मगरआत्या!" काही उपयोग होईना.

"उचकी फार वाढली," तात्या म्हणाले. "पाणी पाजा!"

अण्णा खरोखरच पाण्याने भरलेला तांब्या घेऊन खडकाकडे निघाले होते. काकू त्यांच्यासाठी आवरणाचं टोक वर धरून उभ्या होत्या. "सावकाश पाजा हो," त्या म्हणत होत्या. "ठसका लागेल त्याला."

दामूने डोळे मिटून घेतले.

लाजरी नाचत नाचतच खडकाकडे निघाली. पाय थांबवून चालणार नव्हतं. 'पंख्यात अक्षता अडकल्यात' असं सांगून चालणार नव्हतं. 'मेमरी' तर मुळीच म्हणून चालणार नव्हतं. खरं सांगायला वेळच नव्हता. मग तिने तेच खरं त्यांच्या भाषेत सांगितलं.

"थांबा, अण्णा!" ती गिरकी घेत ओरडली. "पाणी नको! आठवण कोण काढतंय ते मला कळलं!"

अण्णा थांबले. तांब्या तिरका झाला होता.

"कोण?"

"पंचांग!" लाजरीने ठेका धरला. "एकसारखं आठवण काढतंय! बंद करा त्याला!"

"पंचांग?" अण्णा चकित झाले. "घरातलंच?"

"घरातलेच काढतात, अण्णा! राशिभविष्य काढतंय! पत्रिका काढतेय! तीन राखणदार रात्रंदिवस दुसरं काही करतच नाहीत! आणि या रंगीत रेघा तर सर्वांत जास्त!"

"अगं बाई, केवढी माया लावली होती सगळ्यांनी," काकू हळहळल्या.

"करू का बंद?"

"कर, कर, बाई! जीव घेतील त्याचा!"

लाजरी एका पायावर नाचत होती आणि चोचीने दामूला सरकवत होती. टिचकी. पंचांग बंद. टिचकी. राशिभविष्य बंद. पत्रिका बंद, हवामान बंद, दोन राखणदार बाद, रेघा गुल.

"चोच आहे खरी," दामू म्हणाला, "पण पाठ सुखावली."

"काकू, आवरण! उचकी लागलेल्याला कुणी लोकरीत गुंडाळतं का? गुदमरेल तो!"

काकूंनी आवरण असं ओढलं की गोंडे तुटून हवेत उडाले.

"आता पाठीत फुंकर घाला! जोरात! अण्णा, तुम्हीच घाला. दुसऱ्या कुणाचं एवढं काळीज नाही!"

आता अस्वलाची फुंकर म्हणजे काय विचारता? जाळीतून अक्षता उडाल्या. पाकळ्या उडाल्या. हळदकुंकवाचा ढग उठला. सगळ्या जंगलावर लग्नासारखा तांदळाचा पाऊस पडला. आतला पंखा 'भर्र' करून फिरू लागला. तेवढ्यात तात्या, ज्यांना काहीच दिसत नव्हतं, सवयीने ओरडले, "अण्णा!"

आणि कोकिळाबाई गायल्या, "रानात वारा शिरला गं, पानांचा घुंगरू हलला गं."

अख्खी ओळ. मग दुसरी. मग कडवं.

लाजरी मैदानाच्या मधोमध परतली आणि नाचली. काय सांगू मुलांनो, कशी नाचली! तिच्या पायांखालून धूळ उठत होती आणि त्या धुळीलाच पिसारा फुटल्यासारखं वाटत होतं. ती एकदाही अडखळली नाही. एकदाही थांबली नाही. शेवटच्या सुरावर तिने मान वर केली आणि टाळ्यांची वाट पाहिली.

टाळ्या आल्या. कडकडाट झाला. पण सगळ्यांची तोंडं खडकाकडे होती.

"थांबली!" अण्णा म्हणत होते. "शेवटपर्यंत एकदासुद्धा आली नाही!"

"तुमच्या नावावर थांबली," तात्या म्हणाले. "मी नाव घेतलं आणि त्याच क्षणी थांबली. आठवण तुम्हीच काढत होता, अण्णा."

अण्णांचे डोळे भरून आले. "असेल, असेल. जीव आहे हो माझा त्याच्यावर."

लगेच अण्णांचा सत्कार झाला. कॉम्प्युटरच्या गळ्यातला हार काढून अण्णांच्या गळ्यात घातला.

लाजरी गर्दीतून वाट काढत पुढे गेली. "अण्णा, माझा नाच? मी थांबले नाही."

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच उगवली. "अगं, नाचलीस का तू? आमचं कुणाचं लक्षच नव्हतं बघ. डब्याकडे बघत होतो, पुन्हा उचकी लागते की काय म्हणून." मग त्यांनी मायेने तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या मेळ्यात पुन्हा नाच. तेव्हा बघू."

लाजरीच्या मानेची सगळी पिसं उभी राहिली. ती काहीतरी भयंकर बोलणार होती. तेवढ्यात मागच्या झुडपातून एक म्हातारी लांडोर हळूच म्हणाली, "थांबली नाहीस गं. आम्ही बघितलं."

लाजरी वळली. झुडपाखाली लांडोरींच्या पायांभोवतीची जमीन उकरलेली होती. उभ्या उभ्याच त्यांनी सगळ्या गाण्यावर ठेका धरला होता.

लाजरी थोडा वेळ त्या मातीकडे बघत राहिली. मग तिने सत्कार संपेपर्यंत वाट पाहिली आणि दामूशेजारी जाऊन बसली.

"दामू," ती म्हणाली, "पुढच्या मेळ्यात एक काम करशील?"

"पाठीला लागणारं आहे का?"

"नाही. फक्त पंचांग उघडं ठेवायचं."

पुढच्या मेळ्यात गाणं लागलं. "रानात वा..." आणि क्, क्, क्. सगळी वडीलधारी मंडळी धावत खडकापाशी गोळा झाली. तांबे लाजरीने सकाळीच नदीत बुडवून ठेवले होते. नावं घेता घेता तात्या 'अण्णा' म्हणाले, दामूने हळूच पंचांग मिटलं, आणि गाणं स्वच्छ वाजू लागलं. पण एकही म्हातारा जागचा हलला नाही. उचकी पुन्हा लागते की काय, म्हणून सगळे श्वास रोखून डब्याकडे बघत बसले. शेवटच्या सुरापर्यंत.

त्यांच्या पाठीमागे, अख्ख्या मैदानात, जंगलातल्या सगळ्या लांडोरी नाचत होत्या. म्हातारीसुद्धा.

आजही तिथे दर मेळ्याला असंच होतं. नाच कुणी अजून बघितलेला नाही. म्हणून तो कुणी बंदही केलेला नाही.

तात्पर्य: घरातला जुना कॉम्प्युटर जरूर दुरुस्त करावा, पण पूर्ण कधी करू नये. थोडी उचकी शिल्लक ठेवावी. मोठ्या मंडळींना कशावर तरी नजर ठेवायची असतेच. ती डब्यावर असली, की मुलींवर राहत नाही.